न दिसणारा थकवा
मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांत उद्भवतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर आघात करते. दृष्टी धूसर होते, हातपाय बधिरतात, विलक्षण थकवा येतो. उष्म्याने ही लक्षणे तात्पुरती वाढतात. म्हणून बारामती-इंदापूरच्या उन्हाळ्यात पेढीवरील रुग्ण दुपारी आडवा झाला, तर तो आळस समजू नये. विकार संसर्गजन्य नाही. सोयरिकीच्या धास्तीने तो लपविल्यास मात्र उपचार लांबतात. वेळीच सुरू केलेल्या औषधांनी नवे आघात कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही त्याचा समावेश आहे. हिशेब सकाळच्या गारव्यात, मालाची उचल इतरांकडे, एवढी वाटणी घराने केली, तरी रुग्णाचे गादीवरील स्थान टिकू शकते.