‘राज’ म्हणजे काय? दानीएलाच्या पुस्तकातला एक अरामी शब्द

मंडळी, आजचा विषय एकच शब्द आहे, आणि तोही दोन अक्षरांचा. रेश आणि झायिन. उच्चार ‘राज’, म्हणजे ‘जहाज’ मधला ज. हिंदी गाण्यांमध्ये हा शब्द आपण शेकडो वेळा ऐकलेला आहे, अर्थही तोच. गुपित, रहस्य. पण शास्त्रात तो आला कुठून, आणि तिथे त्याचा नेमका अर्थ काय, हे आपल्याला बघायचंय.

इब्री शास्त्र बहुतेक सगळं हिब्रूत आहे. दानीएलाच्या पुस्तकात मात्र दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत खास्दी ज्ञानी राजाशी बोलू लागतात आणि तिथून भाषाच बदलते. सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत मजकूर अरामीत चालतो. या भागात ‘राज’ नऊ वेळा येतो, त्यातला आठ वेळा एकट्या दुसऱ्या अध्यायात.

आता गंमत बघा. हा शब्द मुळात अरामी नाहीच, तो इराणी आहे. इराणच्या हखामनी सम्राटांनी कारभारासाठी अरामी भाषा वापरली. दरबारात दोन भाषा एकत्र नांदल्या की शब्द इकडचे तिकडे जाणारच. आपल्या मराठीत नाही का फर्मान, दरबार, अर्ज आले? तसाच अरामीत ‘राज’ आला. याच पुस्तकात प्रांताधिकाऱ्यांसाठी ‘अहश्दर्पन’ असा लांबलचक शब्द आहे. तोही इराणीच, आणि त्याचा भाऊ आपल्या नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे: क्षत्रप. क्षत्रप नहपानाचं नाव आपण शाळेत वाचलंय. ‘राज’चंही तसंच. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृत ‘रहस्’शी, म्हणजे एकांताशी जोडतात. त्यातूनच आपलं ‘रहस्य’. म्हणजे मराठीत ‘राज’साठी ‘रहस्य’ म्हटलं, की दूर गेलेली दोन भावंडं पुन्हा भेटतात.

पण नुसत्या व्युत्पत्तीवर थांबायचं नाही. शब्द वापरला कसा, ते बघू.

नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडतं. तो ज्ञान्यांना म्हणतो, अर्थ तर सांगाच, पण स्वप्न काय पडलं तेही तुम्हीच सांगा, नाहीतर मराल. ते म्हणतात, हे पृथ्वीवर कुणालाच जमणार नाही. राजा सगळ्या ज्ञानी लोकांना मारायचा हुकूम देतो. त्यात दानीएल आणि त्याचे तीन मित्रही आले. चौघे मिळून प्रार्थना करतात, आणि रात्री ‘राज’ उघड होतो. इथे क्रियापद आहे ‘गला’, म्हणजे उघडणं, वरचं आवरण काढणं. या अध्यायात हे दोन शब्द पुन्हा पुन्हा जोडीने येतात. म्हणून ‘राज’ म्हणजे कायम कुलुपात राहणारी गोष्ट नव्हे. माणसाला स्वतःच्या हुशारीने काढता येत नाही, पण वेळ आली की दिली जाते, ती गोष्ट म्हणजे ‘राज’.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. दानीएल राजाला स्पष्ट सांगतो, की मी इतरांपेक्षा शहाणा आहे म्हणून हे मला कळलं असं नाही. आणि राजासमोर जाण्याआधी तो म्हणतो, बाबेलच्या ज्ञान्यांना मारू नका. रहस्य कळल्यावर त्याने दुकान मांडलं नाही, लोकांचे जीव वाचवले. ‘मला गुप्त अर्थ माहीत आहे’ असं कुणी सांगू लागलं, तर ही कसोटी लावून बघा.

पुढे ग्रीक भाषांतरात ‘राज’चं ‘मिस्टेरिऑन’ झालं, लॅटिनमध्ये ‘साक्रामेंतुम’. सिरियाक परंपरेत हाच शब्द पवित्र विधीसाठी रूढ झाला. केरळातले सिरो-मलबार ख्रिस्ती आपल्या सर्वांत सोहळ्याच्या उपासनेला आजही ‘राझा’ म्हणतात.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागातले बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’. गलबत फुटून नवगावजवळ सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, भाषा गेली, घरात मराठी आली. पण ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडात राहिली. मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ तर बरीचशी अरामीतच आहे, म्हणजे दानीएलाची भाषा आजही या किनाऱ्यावर ऐकू येते.

मग न कळणारी प्रार्थना म्हणजे रहस्य का? इथेच लोकांची गल्लत होते. भाषा न कळणं ही अडचण आहे, आणि अडचण शिकून दूर करता येते. 1832 मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्याने रहस्य कमी झालं का? उलट. शब्द कळल्यावरच माणूस खऱ्या रहस्यासमोर उभा राहतो. मरणाच्या वेळी म्हणायच्या कद्दिशमध्ये मरणाचा उल्लेखच नाही, सगळी देवाच्या नावाची स्तुती आहे. हे का, हा प्रश्न अर्थ कळणाऱ्यालाच पडतो.

हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. रेश 200, झायिन 7. ‘राज’ झाला 207. प्रकाशासाठीचा शब्द ‘ओर’, त्याची बेरीजही 207. यहुदी गूढवाद्यांना ही जुळणी फार प्रिय. हा काही पुरावा नव्हे, अक्षरांचा खेळ आहे. पण दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायाचं सार त्यात नेमकं बसतं: ‘राज’ अंधारात ठेवण्यासाठी नसतो, उजेडात येण्यासाठी असतो.

तेव्हा घरी गेल्यावर तो अध्याय एकदा मराठीत सलग वाचा. जिथे ‘रहस्य’ येईल, तिथे शेजारी ‘उघड करणे’ आहे का, तेवढं तपासा.