युद्धकालीन व्यापार-परवाना

युद्धकालीन व्यापार-परवाना : युद्धामुळे निषिद्ध ठरलेला व्यापार ठराविक खेपेपुरता वा मुदतीपुरता करण्यास शासनाने व्यापाऱ्यास दिलेली लेखी अनुमती. युद्ध सुरू होताच शत्रुप्रदेशाशी होणारा व्यापार सामान्यतः बेकायदेशीर ठरतो व तटस्थ देशांच्या जहाजांचीही झडती घेतली जाते. अशा वेळी जहाज आणि माल यांची सुरक्षितता या परवान्यावर अवलंबून असते.

नेपोलियनकालीन युद्धांत या पद्धतीचा मोठा विस्तार झाला. नेपोलियनने बर्लिन हुकूमनाम्याने (२१ नोव्हेंबर १८०६) ब्रिटनची नाकेबंदी जाहीर केली. उलट ब्रिटनने नोव्हेंबर १८०७ मध्ये आदेश काढून फ्रान्सच्या वर्चस्वाखालील बंदरांशी चालणाऱ्या तटस्थांच्या व्यापारावर निर्बंध घातले. त्यावर ब्रिटिशांना झडती घेऊ देणारे तटस्थ जहाजही जप्तीस पात्र होईल, असे मिलान हुकूमनाम्याने (१७ डिसेंबर १८०७) ठरविले. परिणामी एका पक्षापासून संरक्षण देणारा कागद दुसऱ्या पक्षाच्या हाती पडल्यास तोच गुन्ह्याचा पुरावा होई. म्हणून अनेक जहाजे खऱ्या परवान्याबरोबर बनावट कागदपत्रेही बाळगीत.

ब्रिटनमध्ये व्यापारी किंवा त्याचा मुखत्यार प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज करी. परवान्यात सामान्यतः माल, प्रवासाचा मार्ग व मुदत नमूद असे. परवान्याविना शत्रूशी केलेल्या व्यापारावरील विमाही न्यायालयात टिकत नसे. परवाना हा सार्वभौम सत्तेने केलेला अपवाद असल्याने त्याच्या अटी पाळल्याच पाहिजेत. तथापि सचोटीने वागणाऱ्या व्यापाऱ्यास क्षुल्लक चुकीसाठी दंडित करू नये, असे तत्त्व नाविक न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम स्कॉट (१७४५–१८३६) यांनी मांडले. १८०७ मध्ये सु. २,६०० परवाने देण्यात आले. १८१० मध्ये ही संख्या १८,००० हून अधिक झाली. नेपोलियननेही परवाने देऊन १८०९-१० मध्ये फ्रान्समधील धान्य ब्रिटनला जाऊ दिले. अशा रीतीने दोन्ही राष्ट्रांनी आपलीच नाकेबंदी शिथिल केली आणि व्यापार हा हक्क न राहता शासनाच्या मर्जीचा विषय बनला. यावर ब्रिटिश संसदेत कडाडून टीका झाली व जून १८१२ मध्ये अमेरिकी जहाजांपुरते हे आदेश मागे घेण्यात आले. तथापि ती वार्ता पोहोचण्यापूर्वीच अमेरिकेने युद्ध पुकारले होते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१६ मध्ये ‘नॅव्हिसर्ट’ हे प्रमाणपत्र सुरू केले. तटस्थ देशातील व्यापारी माल चढविण्यापूर्वीच ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे अर्ज करी. मंजुरी मिळाल्यास समुद्रातील अडवणूक बहुधा टळे. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत पुन्हा अवलंबण्यात आली. आरंभी ती ऐच्छिक होती. जुलै १९४० च्या अखेरीस मात्र ती सक्तीची झाली आणि प्रमाणपत्राविना निघालेला माल शत्रूकडेच जात असल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. पुराव्याचा भार अशा प्रकारे व्यापाऱ्यावर आला.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली आयात-निर्यातीवर नियंत्रण आले. ते शांतताकाळातही १९४७ च्या कायद्याने चालू राहिले. १९९२ मध्ये त्याची जागा विदेश व्यापारविषयक नव्या कायद्याने घेतली.