अश्वशक्ती, टॉर्क आणि घाट

२०२३ साली जिल्हा झालेल्या पांढुर्ण्याहून संत्र्यांचे ट्रक मुलताईकडे सातपुडा चढतात, सौंसरहून छिंदवाड्याला जाणारे सिल्लेवानीचा घाट. चढावर गाडी दमली की ‘इंजिनाची अश्वशक्ती कमी पडली’ असं म्हटलं जातं. हा समज अर्धाच बरोबर आहे.

ओझं हलतं ते टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने), आणि तो जोर गिअर वाढवतो. पहार लांब धरली की मोठा दगडही उचलतो, पण थोडाच सरकतो. समजा, पहिल्या गिअरमध्ये ८ आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या आसावरच्या दात्यांच्या पेटीत) ५ पट घट आहे. मग चाकांना इंजिनाच्या सुमारे ४० पट जोर मिळतो, वेग मात्र चाळिसावा हिस्सा उरतो.

अश्वशक्ती ठरवते ते हे ओझं किती वेगाने चढेल. एकूण २८ टनांचा ट्रक विसात एक (वीस मीटर जाताना एक मीटर वर) चढावर ताशी २० किलोमीटरने न्यायला चाकांपाशी साधारण १२० अश्वशक्ती लागते. ४० ने न्यायचा तर दुप्पट. म्हणून मोठं इंजिन घेऊन गिअर चुकीचे असतील तर भरल्या गाडीचा क्लच चढावर जळतो, आणि योग्य गिअर असलेलं मध्यम इंजिन सावकाश का होईना, माथा गाठतं.

उतारावर तर गिअर जीव वाचवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये: इंजिनाचा अडसर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाकावा.