पाच ओळी स्पॅनिशच्या

व्याकरण हा शब्द नुसता कानावर पडला तरी पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. विभक्तीचे प्रत्यय, प्रयोगांची कोष्टके आणि गुरुजींची छडी अशी सारी मंडळी एकदम डोळ्यांपुढे उभी राहतात. मराठी शिकवण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हे दृश्य नवे नाही. परंतु तेच व्याकरण एखाद्याच्या जिव्हाळ्याच्या कामी आले, म्हणजे किती वेगळे भासते, याचा एक दाखला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिथल्या एका घरातला मुलगा नोकरीनिमित्त स्पेनला गेला आणि तिकडचीच मुलगी करून तिथेच स्थायिक झाला. त्याच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाही, आणि गंगाखेडच्या पणजीला मराठीखेरीज! मध्ये दुवा एकच : मुलाची आत्या, माझी विद्यार्थिनी. तिने एका इंग्रजी पुस्तकावरून स्पॅनिश शिकायला घेतले होते. आजीच्या वतीने भाच्याला पाच ओळी लिहायच्या असे तिने ठरवले. मूळ मराठी असे होते :

तुझी पणजी गंगाखेडची आहे. गंगाखेड गोदावरीच्या काठी आहे. सध्या पणजी आजारी आहे. तिला भाकरी आवडते. ती रोज नदी पाहते, पण तिला तुझ्या बाबांना पाहायचे आहे.

भाषांतर मोबाईलवरून स्पेनला गेले आणि वहिनीने तांबड्या खुणा करून परत पाठवले. पहिली ओळ तेवढी निर्दोष. बाकी चारही ओळींवर खूण. “असे का?” या प्रश्नाला मात्र वहिनीचे उत्तर एकच, “आम्ही असेच बोलतो.” यात तिचा दोष नाही. “रामाने आंबा खाल्ला” यात “रामाने” का, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? शेवटी ते पान माझ्यापुढे आले. मीही चार वर्षे हौसेने या भाषेच्या मागे आहे.

पहिल्या दोन खुणा “आहे” या शब्दावर होत्या. आपल्या एका “आहे”साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे आहेत : “सेर” आणि “एस्तार”. पहिल्याचे रूप “एस”, दुसऱ्याचे “एस्ता”. पुस्तकाने सांगितले होते की कायमचे असेल तर “एस” आणि तात्पुरते असेल तर “एस्ता”. मुलीने विचार केला, गाव काही जागचे हलत नाही. म्हणून “गंगाखेड एस”. वहिनीने तिथे “एस्ता” केले. पणजीच्या आजारालाही तिने “एस” लावले होते. तसे लिहिले असते तर आजारीपणा हा पणजीचा स्वभावच आहे, असा अर्थ लागून स्पेनमध्ये नसती काळजी पसरली असती.

याची गुरुकिल्ली आपल्याच घरात आहे. “एस” हे रूप संस्कृत “अस्ति”चे नात्यातले. आपले “असणे” त्याच कुळातले. आणि “एस्तार” निघाला लॅटिनमधल्या “उभे राहणे” या अर्थाच्या धातूपासून. तो आपल्या “स्था” धातूचा सख्खा भाऊ. या “स्था”पासून मराठीत कोणते शब्द आले? स्थान आणि स्थिती! गाव कुठे आहे, हे स्थान. आजी कशी आहे, ही स्थिती. दोन्हीकडे “एस्ता”. आजी कोण, कुठली, हे सांगताना “एस”. एखाददुसरा अपवाद सोडला, तर ही खूणगाठ सहसा दगा देत नाही.

तिसरी खूण भाकरीवर होती. मुलीने इंग्रजीच्या धर्तीवर आजीला कर्ता केले : “एया गुस्ता ला भाकरी”. स्पॅनिश माणसाला हे वाचून आजीच कोणाला तरी रुचते की काय, असे वाटायचे! वहिनीने लिहिले, “आ एया ले गुस्ता ला भाकरी”. म्हणजे शब्दशः “तिला भाकरी आवडते”. भाकऱ्या अनेक असतील तर आपण “आवडतात” म्हणतो, आणि स्पॅनिश माणूस “गुस्तान”. दोन्ही भाषांत क्रियापद चालते ते भाकरीच्या तंत्राने. मुलीने मराठीचेच बोट धरले असते, तर अर्धी वाट सरली असती. तिने इंग्लंडचा वळसा घेतला, तिथेच घोटाळा झाला.

चौथी खूण सर्वांत लहान; केवळ एका “आ” या अक्षराची. “नदी पाहते” इथे स्पॅनिशला प्रत्यय लागत नाही, पण “बाबांना पाहायचे आहे” इथे बाबांच्या आधी “आ” हवाच. आपण तरी काय करतो? नदी नुसती पाहतो आणि माणसाला पाहतो. निर्जीव वस्तू आणि जिवाभावाचे माणूस यांतला हा भेद इंग्रजी क्रियापदाच्या गावीही नाही. मराठीने आणि स्पॅनिशने तो जपला आहे. हे ऐकून ती मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “सर, हे मला आधीच येत होते की!”

तिच्या या उद्गारातच साऱ्या गोष्टीचे सार आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांच्या मनात, विशेषतः लहान गावांतल्या, एक न्यूनगंड घर करून असतो : इंग्रजी कच्चे, तेव्हा जगाच्या भाषा आपल्याला दुरापास्त. वास्तविक परभाषेचे आपल्या जिल्ह्याला कधी नवल नव्हते. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि शाळा-कचेरीत उर्दूचा अंमल होता. आपण सहज म्हणतो ना, “फलाणा आला, फलाणा गेला”? हा “फलाणा” मूळचा अरबी. आणि स्पेनमध्येही, जिथे 711 ते 1492 पर्यंत कुठे ना कुठे अरबी सत्ता नांदली, अशाच अनामिकाला “फुलानो” म्हणतात. आपल्या शर्करेची अरबीत “सुक्कर” झाली आणि स्पेनला पोचून तिथल्या भाषेत “आसुकार” झाली. वीसहून अधिक देशांत चालणारी ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना परभाषेची गोडी लावायची असेल, तर नियमांची पाने घोकून घेऊ नका. घरातल्या पाच साध्या ओळी घ्याव्यात, त्यांचे भाषांतर करावे, जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि प्रत्येक तांबड्या खुणेपाशी थांबून विचारावे, “हे आपण मराठीत कसे म्हणतो?” काही ठिकाणी मराठी हात देणार नाही; तेही कळणे म्हणजे शिकणेच. परंतु स्वतःची भाषा नीट पाहिल्यावाचून दुसऱ्याची भाषा दिसत नाही, एवढे मात्र खरे.