गाडी शिकवणारी ताई

शिकवणारी बाई असली, की सुनेला गाडी शिकायला घरून होकार लवकर मिळतो. म्हणून या धंद्यात आपल्याला वाव आहे. पण पैसे घेऊन शिकवायचं तर आरटीओचा ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना लागतो. विनापरवाना फी घेतली आणि अपघात झाला, तर कमाई आणि नाव, दोन्ही जाईल.

शिकवणारी दहावी पास हवी, गाडी चालवण्याचा 5 वर्षांचा अनुभव हवा, मोटार मेकॅनिकच्या मान्यताप्राप्त कोर्सचं प्रमाणपत्र हवं. मोटारीला शिकवणाऱ्याच्या बाजूनेही ब्रेक लागतो.

म्हणून आम्ही गटात सांगतो, कर्ज काढून आधी गाडी घेऊ नका. आधी शिकाऊ लायसन्स काढा. 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. मग कोर्स आणि अनुभव. गाडी शेवटी.