पन्हाळा : गडावरचे नगर आणि गडावरची भाकरी

महाराष्ट्रातील बहुतेक किल्ल्यांवर आज वस्ती राहिलेली नाही. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावरील पन्हाळा हा त्याला ठळक अपवाद आहे. सुमारे सव्वासात किलोमीटर घेराच्या या गडावर तालुक्याचे मुख्यालय आहे, नगरपरिषद आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत.

धान्याचे कोठार, पाण्याची विहीर

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, हा गड नावारूपास आला. पुढे आदिलशाहीत त्याचा विस्तार झाला. नोव्हेंबर १६५९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. अशा वेढ्यात तटबंदीइतकाच आधार असतो तो साठवलेल्या धान्याचा आणि पाण्याचा. अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही प्रचंड कोठारे आणि तीन मजली अंधारबाव यांवरून बांधणाऱ्यांची दूरदृष्टी दिसून येते.

झुणका-भाकरीचा व्यवसाय

आज गडावर येणारा प्रवासी तीन दरवाजा पाहतो, अंबरखान्यात रेंगाळतो आणि मग चुलीजवळ बसून झुणका-भाकर खातो. गरम भाकरी, खरडा, कांदा आणि दही एवढाच हा बेत. या व्यवसायास मोठे भांडवल लागत नाही. त्यामुळे महिलांना त्यातून घराजवळच रोजगार मिळतो आणि परिसरातील धान्यास व दुधास गिऱ्हाईक लाभते.

जतन आणि उपजीविका

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. पन्हाळा त्यांपैकी एक आहे. या बहुमानाबरोबर आपला व्यवसाय व घर यांचे काय होणार, ही शंका रहिवाशांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून कायद्याची नेमकी माहिती असणे अगत्याचे ठरते.

केंद्र-संरक्षित स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, तर त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी आवश्यक आहे. मात्र जुन्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकरणाच्या अनुमतीने करता येते. दुसरीकडे, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे असते. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत व त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे.

हे दोन्ही कायदे एकत्र वाचले, तर मार्ग सापडू शकतो. स्मारकाच्या भिंतीला धूर लागणार नाही अशी जागा आखून देणे, पाण्याची व कचऱ्याची सोय करणे आणि निर्णयापूर्वी विक्रेत्यांचे म्हणणे ऐकणे, ही कामे नगरपरिषद, पुरातत्त्व खाते व नागरिक यांना मिळून करावी लागतील. शिक्षकांनी सहलीतील मुलांना अंबरखाना दाखवताना चुलीवरच्या भाकरीचाही परिचय करून द्यावा. ज्या गडाच्या रचनेत धान्याला मानाचे स्थान होते, तेथे कष्टाने भाकरी थापणाऱ्या हातांनाही स्थान असले पाहिजे.