ट्रॅक्टरचा रेडिएटर गळतो आहे? आधी कारण शोधा, मग डाख लावा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुनाचे दिवस होते. हरभरा खळ्यावर पडलेला आणि आभाळ भरून आलेले. माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरवर मळणीयंत्र चालू होते. त्या ट्रॅक्टरचा रेडिएटर आठ-पंधरा दिवसांपासून थेंब थेंब गळत होता. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी त्यात मूठभर हळद टाकली होती. गळती थांबली, म्हणून मंडळी निर्धास्त झाली. त्या दिवशी मात्र इंजिन तापले आणि वाफ येऊ लागली. पाऊस गाठील या घाईत थोरल्या मुलाने गरम रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळून त्याचा हात आणि मान भाजली. गडबडीत दुसऱ्याने विहिरीचे गार पाणी तापल्या इंजिनात ओतले आणि इंजिनाच्या हेडला तडा गेला. हरभरा भिजला तो वेगळाच.

मुलगा बरा झाला, पण हातावरचा वण गेला नाही. एका डाखाच्या कामाची हयगय किती महाग पडते, हे त्या घराने पाहिले. तशी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

रेडिएटरचे काम

इंजिनात तापलेले पाणी वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांतून खाली उतरते आणि वाटेत पंख्याच्या वाऱ्याने निवते. नळ्यांच्या मधल्या पातळ पत्र्याच्या जाळीमुळे उष्णता लवकर बाहेर जाते. झाकणाला स्प्रिंग असते. तिच्यामुळे आत दाब राहतो आणि पाणी १०० अंशांना न उकळता ११० अंशांच्याही पुढे तग धरते. म्हणूनच गरम असताना झाकण उघडले की दाब सुटतो आणि पाणी एकदम उसळते. झाकण ढिले झाले किंवा त्याचे रबर फाटले तर पाणी लवकर उकळते. झाकण बदलताना ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाचेच घ्यावे.

दुखणे कोठे आहे ते ओळखा

इंजिन तापले की सारा दोष रेडिएटरला देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी पुढील गोष्टी तपासा.

१. जाळीत भुसा, गवत किंवा चिखल अडकला आहे काय? मळणीच्या दिवसांत निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाण्याची हलकी धार मारावी. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

२. पंख्याचा पट्टा ढिला आहे काय? अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबत असेल तर पट्टा ताणून घ्यावा.

३. रबरी होज पाइप फुगले किंवा चिरले आहेत काय? क्लिपा ढिल्या आहेत काय?

४. टाकीच्या सांध्यावर पांढरे किंवा हिरवट डाग आहेत काय? तेथेच गळती असते.

५. बाहेर कोठेही गळती नाही, तरी पाणी कमी होते काय? थंड इंजिन झाकण काढून चालू करावे आणि तोंडाशी सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुडे येत असतील, किंवा इंजिनाचे ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. अशा वेळी रेडिएटरला डाख लावून उपयोग नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. पाणी पूर्ण संपले तर उष्णता दाखवणारा काटा फसवू शकतो. काटा खाली आहे म्हणून इंजिन गार आहे असे समजू नये.

हळद आणि पुट्टी

हळद, अंड्याचा बलक, चिकटवण्याची पुट्टी हे उपाय ट्रकवाल्यांकडून आपल्याकडे आले. वाटेत अडकल्यावर गावापर्यंत पोचण्यासाठी पुट्टी एक वेळ चालेल. हळद मात्र गळणारे भोक बुजवताना चांगल्या नळ्याही बुजवते. आपल्या विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याचे क्षार नळ्यांत आधीच बसलेले असतात. त्यात हळदीची भर पडली की पाणी फिरायचे थांबते.

डाख कसा लावतात

जुन्या ट्रॅक्टरचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. त्यांना डाख चांगला लागतो. काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, पण जवळ उभे राहून पाहावे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर खालचा नळ उघडून पाणी घमेल्यात काढावे. रेडिएटर उतरवून त्याची तोंडे बंद करावी, तो हौदात बुडवावा आणि पंपाने थोडी हवा भरावी. सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे निघतील तेथे खूण करावी. झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरू नये.

खुणेची जागा तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश कागदाने पितळ चमकेपर्यंत घासावी. मळावर डाख धरत नाही. मग फ्लक्स लावून जागा तापवावी आणि कथील-शिशाचा डाख सोडावा. गॅसची मोठी ज्योत लावली तर शेजारचे चांगले सांधेही सुटतात. टाकीला लांब चीर असेल तर वरून पितळी पत्र्याचे ठिगळ द्यावे. मधली एखादी नळी फुटली असेल तर ती दोन्ही टोकांना बंद करता येते. पण अनेक नळ्या बंद कराव्या लागत असतील तर आतला गाभाच बदलणे शहाणपणाचे. काम झाल्यावर फ्लक्स धुऊन काढावा, नाहीतर तोच धातू खातो. शेवटी पुन्हा हौदात बुडवून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

डाखाच्या धुरात शिसे असू शकते. काम उघड्यावर करावे, मुलांना दूर ठेवावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

नव्या ट्रॅक्टरचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे आणि त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असू शकतात. त्यांना हा डाख चालत नाही. ते त्या कामाच्या दुकानातच न्यावेत.

घरात गिअर आपोआप बदलणारी जुनी मोटार असेल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. अशा पुष्कळ गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरच्याच टाकीतील एका नळीत निवते. ती नळी आतून फुटली तर पाणी गिअरबॉक्समध्ये शिरते आणि तेल दुधाळ गुलाबी होते. तसे दिसल्यास गाडी चालवू नये. कारागिराला त्या नळीचीही वेगळी तपासणी करायला सांगावे.

पुन्हा बसवताना

खालचे रबरी तुकडे झिजले असतील तर नवे घालावेत. हादऱ्यानेच सांधे सुटतात. पंखा जाळीला घासत नाही ना, हे हाताने फिरवून पाहावे. जड पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेले कूलंट त्याच प्रमाणात भरावे. कूलंटने गंज टळतो आणि पाणी उशिरा उकळते. थर्मोस्टॅट कोणी काढून टाकायला सांगितले तर ऐकू नये. तो बिघडला असल्यास नवा बसवावा.

घरातील माणसांसाठी

कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात सांडू देऊ नये, त्याचे घमेले उघडे ठेवू नये. जनावर, कुत्रे किंवा लहान मूल ते पिऊ शकते.

वाफ येऊ लागली तर इंजिन ताबडतोब बंद करावे. वरचा होज पाइप हातात सहज धरता येईल इतका गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. मग जाड फडके धरून झाकण थोडेसेच फिरवावे, दाब जाऊ द्यावा आणि नंतर काढावे. तापल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नये.

कोणी भाजलेच तर भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तेल, शाई, टूथपेस्ट लावू नये. फोड फोडू नयेत. भाजणे मोठे असेल तर १०८ ला फोन करावा.

बंधू-भगिनींनो, तहान लागल्यावर विहीर खणू नका. मळणी सुरू होण्याआधी एक सकाळ काढा आणि ट्रॅक्टर थंड असताना वरील पाच गोष्टी तपासा. पावसाचे आभाळ आपल्या हातात नाही, पण रेडिएटरचे झाकण आपल्याच हातात आहे.